वाय-फायचा पासवर्ड विसरलात? आधी रिसेटवरचं बोट काढा

सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी छातीठोकपणे सांगितल्यात. घरच्या वाय-फायचा पासवर्ड विसरलात तर फोन किंवा कॉम्प्युटर तो कधीच दाखवत नाही. मग राउटर रिसेट करणं हा एकच उपाय उरतो, तेही दोन मिनिटांचं काम. रिसेट जमत नसेल तर एक ॲप घ्या, ते आजूबाजूच्या कुठल्याही वाय-फायचा पासवर्ड दाखवतं. आणि पुढच्या वेळी पासवर्ड म्हणून आपला मोबाइल नंबरच ठेवा, म्हणजे विसरायला नको.

माझ्या मावशीने हा मेसेज वाचला, राउटरच्या मागच्या बारीक भोकात सुई घातली आणि रिसेट दाबलं. पुढे दीड दिवस घरात इंटरनेट नव्हतं. तो पासवर्ड तिच्याच टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये अगदी सुखरूप होता. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायलाच हवं.

‘फोन किंवा कॉम्प्युटर पासवर्ड दाखवत नाही’

हे एके काळी अर्धं खरं होतं. अँड्रॉइडमध्ये १०वी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१९पर्यंत, आणि आयफोनमध्ये आयओएस १६ येईपर्यंत, म्हणजे २०२२पर्यंत, सेव्ह झालेला पासवर्ड सरळ बघायची सोय नव्हती. मेसेज तिथेच अडकून पडलाय.

मुळात हा पासवर्ड उपकरणात असतोच, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एखादी चांगली वेबसाइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. ती त्याचा एक ठसा ठेवते आणि तुम्ही टाकलेला पासवर्ड त्याच्याशी ताडून बघते. म्हणूनच ती जुना सांगत नाही, नवा करायला लावते. वाय-फायमध्ये तुमचा फोन बाहेर उभा असतो आणि दार राउटरचं असतं. तुम्ही घरी आलात की फोन आपोआप जोडला जातो, तो खिशात किल्ली आहे म्हणूनच. ती किल्ली कुलूपबंद करून ठेवलेली असते हे खरं, पण ते कुलूप तुमच्याच पिनने, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडतं.

आता ती कुठे सापडते ते बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडा, आपल्या नेटवर्कच्या नावाशेजारचं चक्र दाबा आणि ‘शेअर’ निवडा. फोन पिन विचारतो आणि क्यूआर कोड दाखवतो. बऱ्याच फोनमध्ये त्याच कोडखाली पासवर्ड लिहिलेला असतो. तुमच्या फोनमध्ये नसला तरी अडत नाही: त्या कोडचा स्क्रीनशॉट क्यूआर वाचणाऱ्या साधनात उघडा, आतला मजकूर साधा असतो. त्यात ‘एस’ आणि अपूर्णविरामापुढे (:) नेटवर्कचं नाव, ‘पी’पुढे पासवर्ड. हा स्क्रीनशॉट मात्र काम झालं की पुसून टाका, कारण तो म्हणजे पासवर्डच.

आयफोनवर वाय-फायच्या यादीत नावाशेजारचा ‘आय’ दाबला की ‘पासवर्ड’ची ओळ ठिपक्यांनी झाकलेली दिसते. तिच्यावर बोट ठेवा. मॅकवर व्हेंचुरापासून, म्हणजे २०२२पासून, वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये नावाशेजारच्या तीन ठिपक्यांत ‘कॉपी पासवर्ड’ आहे. त्याआधीच्या मॅकवर ‘कीचेन ॲक्सेस’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये नेटवर्कचं नाव शोधा.

विंडोजवर असं करा. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, छोट्या चौकटीत इंग्रजीत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल टाइप करून एंटर मारा. वाय-फायवर उजवं क्लिक, मग ‘स्टेटस’, ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’. तिथे ‘शो कॅरॅक्टर्स’समोर टिचकी मारली की काळ्या ठिपक्यांची अक्षरं होतात.   (हे त्या क्षणी जोडलेल्या नेटवर्कपुरतं चालतं आणि ॲडमिनचे अधिकार लागतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर अडवलं तर दुसरं उपकरण घ्या.) रिसेटनंतर मावशीचा लॅपटॉप त्या नेटवर्कशी जोडलेलाच नव्हता, म्हणून तिथे आम्ही ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये netsh wlan show profile name="नेटवर्कचं नाव" key=clear असं टाइप करून सेव्ह झालेला पासवर्ड काढला. मावशी तो बघून गप्पच झाली. तिच्या नातवाचं नाव आणि जन्मवर्ष होतं. मग राउटरला जुनंच नाव दिलं आणि तो पासवर्ड त्यात परत टाकला. नाव आणि पासवर्ड दोन्ही तेच झाल्यामुळे टीव्ही, प्रिंटर, फोन आपोआप जोडले गेले.

आणि सगळ्यात सोपी जागा तर लोक बघतही नाहीत. राउटर उलटा करा. खालच्या स्टिकरवर बहुतेकदा नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. तुम्ही तो कधी बदललाच नसेल तर शोध तिथेच संपला.

‘रिसेट करा, दोन मिनिटांचं काम’

इथे मला खरंच राग येतो, कारण लोकांचं नुकसान इथेच होतं. रीस्टार्ट आणि रिसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं. त्यात काही पुसलं जात नाही, आणि विसरलेला पासवर्डही मिळत नाही. रिसेट म्हणजे राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होणं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड स्टिकरवरच्यासारखे होतात, इथवर ठीक. मात्र अनेक जोडण्यांमध्ये इंटरनेट चालू राहण्यासाठी राउटरच्या आत एक वेगळं युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो, आणि तोही पुसला जातो. तो जोडणी देणाऱ्याने भरलेला असतो, तुम्हाला बहुधा माहीतच नसतो. वाय-फाय दिसतं, फोन जोडला जातो आणि इंटरनेट मात्र नाही. मावशीचे दीड दिवस गेले ते या युजरनेमपायी.

काही जोडण्यांमध्ये राउटर स्वतःच सगळं परत भरून घेतो. तुमची त्यातली आहे का, हे सुई घालण्याआधी विचारा.

घरात एक जरी उपकरण जोडलेलं असेल, केबलने का होईना, तर त्याच्या ब्राउझरमधून राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन वाय-फायचा पासवर्ड बघता किंवा बदलता येतो, रिसेट लागत नाही. पत्ता बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो इंग्रजी आकड्यांत टाकायचा. लॉगिन वेगळं असतं, वाय-फायचा पासवर्ड तिथे चालेलच असं नाही. स्टिकर बघा.

‘हे ॲप कुठलाही पासवर्ड दाखवतं’

नाही दाखवत. साध्या ॲपला फोनमध्ये सेव्ह झालेले पासवर्ड वाचायची परवानगीच अँड्रॉइड देत नाही. दुसऱ्याच्या वाय-फायचा तर प्रश्नच नाही: डब्ल्यूपीए२मध्ये, म्हणजे घरच्या वाय-फायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत, पासवर्ड हवेतून जातच नाही, तो आपल्याला माहीत आहे एवढंच दोन्ही बाजू एकमेकांना पटवतात. मग अशी ॲप्स करतात काय? काही ॲप्स इतर वापरणाऱ्यांनी दिलेल्या पासवर्डची यादी दाखवतात, काही राउटरला झटपट जोडणीसाठी कारखान्यातच दिलेल्या ठरावीक पिन आजमावून बघतात. पहिल्या प्रकारात तुम्ही ‘शेअर’ला होकार दिलात की तुमचा पासवर्डही त्या यादीत जातो. आजूबाजूची नेटवर्क शोधण्यासाठी ॲप लोकेशनही मागतं. म्हणजे घराचा पत्ता आणि किल्ली, दोन्ही एकाच हातात.

‘मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवा’

तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पासवर्ड आहे. अनोळखी माणसालाही फार कष्ट नाहीत. फोन राउटरशी जोडला जातानाची देवाणघेवाण कुणी टिपून ठेवली, तर पुढचे अंदाज तो आपल्या घरी बसून लावू शकतो, आणि डब्ल्यूपीए२साठी एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज लावतं. दहा आकडी संख्या एकूण हजार कोटी. सेकंदाला पाच लाख धरले तरी सगळ्या संपायला २०,००० सेकंद, म्हणजे साधारण साडेपाच तास. डब्ल्यूपीए२मध्ये पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. कागदावर लिहू नये हा सल्ला घरच्या वाय-फायला लागू नाही. जो तुमच्या कपाटापर्यंत पोचलाय त्याला पासवर्ड तुम्हीच देणार आहात.

एकही जुनं उपकरण उरलं नसेल, स्टिकर पुसलं गेलं असेल आणि राउटरच्या पानाचं लॉगिनही लागत नसेल, तर रिसेट करावंच लागेल. त्याआधी जोडणी देणाऱ्याला फोन करून ते युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. सुई त्यानंतर.