पेपर बंद केल्याची बातमी

आमच्या दहावीच्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर चिपळूणच्या एका मित्राने गेल्या महिन्यात जाहीर केले की त्याने घरी येणारे वर्तमानपत्र पेपरवाल्याला सांगून बंद केले. ‘तीस वर्षे रद्दी विकत घेतली, आता पुरे, जे घडते ते फोनवर आधीच कळते,’ असे त्याचे म्हणणे होते. त्यावर सतरा जणांनी अंगठे उमटवले आणि एकाने ‘आता प्रत्येक माणूसच पत्रकार’ अशी पुस्ती जोडली. मी हे कॅनडात, कामाला जाताना सकाळच्या गो ट्रेनमध्ये (टोरांटोच्या लोकलमध्ये) वाचले, युनियन स्टेशन येईपर्यंत लांबलचक उत्तर लिहिले आणि उतरताना ते पुसून टाकले. सोळा वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाने गावातल्यांना शहाणपण शिकवू नये, हे मला कळते. तरीही ते सतरा अंगठे डोक्यातून जात नाहीत, म्हणून येथे लिहितो आहे.

मित्राचा राग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांनी उमेदवारांच्या जाहिराती बातम्यांच्या वेषात कशा छापल्या, हे पी. साईनाथ यांनी तेव्हाच उघड केले होते. ज्याने पैसे मोजून असा पेपर विकत घेतला त्याला फसवल्यासारखे वाटले तर नवल नाही. फक्त एवढेच ध्यानात घ्यावे, की ती लबाडी पकडणाराही पगारी पत्रकारच होता आणि त्याचे लेखन छापणारेही वर्तमानपत्रच होते.

राहिला प्रश्न ‘फोनवर कळते’ याचा. त्याची परीक्षा आमच्याकडे एका अख्ख्या देशात होऊन गेली आहे. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा केला, की बातम्यांच्या जिवावर वाचक खेचणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी बातमी गोळा करणाऱ्यांना मोबदला द्यावा. गूगलने घासाघीस करून वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचे कबूल केले. फेसबुकची मालक कंपनी मेटाने मात्र १ ऑगस्टपासून कॅनडातील फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून टाकायला सुरुवात केली. सीबीसी या सार्वजनिक वृत्तसंस्थेचे पान तर रिकामे झालेच, पण येथे बसून मराठी दैनिकांची पाने उघडली तरी तीही रिकामीच दिसू लागली. पुढे पंधरा दिवसांत उत्तरेकडे यलोनाइफ शहराच्या दिशेने वणवा सरकला आणि सुमारे वीस हजार लोकांना शहर सोडण्याचा आदेश निघाला. त्या धावपळीत तेथील लोक केबिन रेडिओसारख्या स्थानिक वृत्तस्थळांच्या बातम्यांची छायाचित्रे काढून एकमेकांना पाठवत होते, कारण बातमीचा दुवा फेसबुकवर टाकताच येत नव्हता. कोणता रस्ता खुला आहे हे विचारणारे हजारो होते. ते विचारून, पडताळून सांगणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि नेमका त्यांचाच आवाज बंद केला गेला होता. वाढदिवस, मांजरी आणि जुन्या सोफ्यांची विक्री यांना मात्र कोणतीही आडकाठी नव्हती.

त्याच सप्टेंबरात आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील सत्तरहून अधिक स्थानिक साप्ताहिकांची छपाई एका कंपनीने थांबवली आणि ६०५ जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यात मी राहतो त्या मिसिसागा शहराचे ‘मिसिसागा न्यूज’ही होते. ते फ्लायर्सच्या, म्हणजे दुकानांच्या जाहिरात-पत्रकांच्या, गठ्ठ्यात दारात येऊन पडे. त्यात नगरपालिकेची सभा, शाळेच्या मंडळातील भांडण, कोणत्या कोपऱ्यावर किती मजल्यांची इमारत येणार याचा तपशील असे. माझा मित्र ज्याला रद्दी म्हणतो ती नाहीशी झाली की काय होते, हे मी राहतो त्या गल्लीत पाहतो आहे: सभा होतच राहतात, इमारती उभ्या राहतच राहतात, आणि लोकांना ते खड्डा खणल्यावर कळते.

‘प्रत्येक माणूसच पत्रकार’ हे वाक्य तर मला सर्वांत जास्त टोचते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षेकरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले, कारण मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचा संदेश फोनाफोनी पसरला होता. तो संदेश पुढे ढकलणारा प्रत्येक जण त्या अर्थाने पत्रकारच होता. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. पाच माणसे आणि पाच ठिकाणे हा योगायोग मला अजून विसरता येत नाही. दुसरीकडे, आपल्याच जिल्ह्यात राजापूरला शशिकांत वारिशे यांनी रिफायनरीच्या जमिनींच्या प्रकरणात लिहिले. बातमी छापून आली त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्या बातमीवर कोणी गाडी घालते, त्याचा आणि अंगठा उमटवणाऱ्याचा धंदा एकच आहे असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

इतके लिहिल्यावर मला २०२१ ची गोष्ट सांगणे भाग आहे, नाहीतर हे सारे एकतर्फी होईल. २२ जुलैला पुरात वाशिष्ठी नदी चिपळूण शहरात शिरली तेव्हा आई बाजारपेठेमागच्या आळीत एकटी होती. येथे आदल्या दिवसाची रात्र होती. मुंबईच्या मोठ्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर ‘चिपळूण पाण्याखाली’ एवढेच होते, आणि ते मला ठाऊक होते. फोन लागत नव्हता. पहाटे तीनच्या सुमारास फेसबुकवर कोणा अनोळखी मुलाची चाळीस सेकंदांची हलती चित्रफीत दिसली. तीत शेजारच्या गच्चीवर चौदा-पंधरा माणसे होती आणि कठड्याशी आई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन उभी होती. त्या मुलाचे नाव मी लिहून ठेवले नाही, याची खंत आहे. ज्याला मी आज पत्रकार म्हणायला तयार नाही, त्यानेच मला त्या रात्री जगातली सर्वांत मोठी बातमी दिली.

पण पाणी ओसरल्यावर तो मुलगा आपल्या कामाला लागला, आणि ते योग्यच होते. कोळकेवाडी धरणातून किती पाणी केव्हा सोडले, नदीत गाळ किती साठला आहे, निळ्या आणि लाल पूररेषेत (नदीकाठी बांधकामावर बंधने घालणाऱ्या हद्दींत) कोणाचे घर येते, हे पुढे महिनोन्‌महिने स्थानिक वार्ताहर लिहीत राहिले. त्या वर्षअखेरीस गाळ काढण्यासाठी लोक साखळी उपोषणाला बसले तेव्हाही मांडवात तेच वह्या घेऊन बसलेले होते. मी ते सगळे येथून वाचले. एक पैसा न देता वाचले. लहानपणी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात उभ्याने ‘सागर’ हे चिपळूणचे दैनिक वाचायचो तेव्हाही फुकटच वाचायचो. १८६४ पासूनच्या त्या वाचनालयाने पोरांना कधी हटकले नाही. त्या सवयीचे खापर मी त्याच्यावर फोडणार नाही.

मागच्या रविवारी न राहवून मी मित्राला यातले काही फोनवर ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘ते ठीक आहे, पण तू तिकडे कोणता पेपर घेतोस रे?’ मग म्हणाला, ‘आणि तुझ्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?’ दोन्हींचे उत्तर मला देता आले नाही. ‘मिसिसागा न्यूज’ मी फ्लायर्ससकट न उलगडता रद्दीच्या निळ्या डब्यात टाकत असे. जून २०२४ मध्ये महापौरपदाची पोटनिवडणूक झाली तेव्हा ओळखीचे वाटले त्या नावावर खूण करून आलो. चिपळूणच्या पूररेषेवर मी तासभर बोलू शकतो, जिथे मला आता मत नाही. आणि जिथे मत आहे तेथील नाला कोणत्या रस्त्याखालून जातो हे मला सांगता येत नाही.

फोन ठेवून दूध आणायला निघालो, तर कोपऱ्यावरच्या प्लाझासमोर नगरपालिकेचा पांढरा फलक उभा होता. बदललेल्या आराखड्याबद्दल काही लिहिले होते, जनसभेची तारीख पावसाने पुसट झाली होती. मी त्याचा फोटो काढला आणि आमच्या वस्तीच्या फेसबुक गटावर टाकून विचारले की सभा कधी आहे. संध्याकाळपर्यंत अकरा उत्तरे आली. त्यांतली चार पार्किंगबद्दल होती, दोन प्लाझातल्या शवर्माच्या दुकानाबद्दल, आणि उरलेल्या पाच जणांनी मलाच विचारले होते की तारीख कळली तर कृपया येथे टाका.