त्या निळ्या नकाशाबद्दल खुलासा

‘निळ्या रंगातली घरं पूररेषेत गेली, आता बांधकाम परवानगी बंद’ असा मजकूर जोडून कोल्हापूरचा एक नकाशा ग्रुपवर फिरतोय. नकाशा मी केलेला आहे, पण तो मजकूर माझा नाही आणि खराही नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तर पाणी कुठवर पसरू शकेल, एवढंच संगणकावर मांडलं होतं. दवाखाने, निवारे कुठे हवेत यावर बोलता यावं म्हणून. जमिनीची उंची उपग्रहाच्या मोफत माहितीतली. तिचा एकेक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा. कुंभार गल्लीतली कितीतरी घरं एकाच चौकोनात बसतात. कुणाचा उंबरा उंच, कुणाचा सखल, हे त्यात दिसतच नाही.

खरी निळी पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबानं. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. माझा निळा म्हणजे नुसतं पाणी. रंग निवडताना हे सुचायला हवं होतं, ती चूक माझी.

काल गल्लीतल्या आजींनी विचारलं, “बाळा, घर सोडायचं काय रं?” २०१९ आणि २०२१ चा पूर त्यांनी सोसलाय.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.