मीटरच्या पुढचं सगळं आपलं? जरा थांबा राजेहो

आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या लेआउटच्या ग्रुपवर आठ दिवसांपासून एक मेसेज फिरून राहिला, तुमच्याकडेही आलाच असेल. थोडक्यात असं की मीटरच्या पुढची वायरिंग आपली, तिला कोणाची परवानगी लागत नाही, अमेरिकेत तर घरमालक स्वतःच सगळी वायरिंग करतात, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) सारखा पडत असेल तर मोठा टाका, कूलर करंट मारत असेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगला एक वायरचा तुकडा मारून द्या, आरसीसीबी (करंट गळला की लाइन कापणारा खटका) म्हणजे नुसती डोकेदुखी, आणि कनेक्शनच्या आधीचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट म्हणजे पैसे खायचा धंदा. खाली दोन हात जोडलेले आणि "जनहितार्थ".

मी इंजिनियर नाही. आयटीआयला तारतंत्री केलं, दोन वर्षं वायरमनच्या हाताखाली भिंती कोरल्या, मग इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. परमिट, म्हणजे वायरिंगचं काम करायचा सरकारी परवाना, काढायचं राहूनच गेलं, हे पुढे कामी येईल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिलं, मीटरच्या पुढचं आपलं. मालकी आपली, बरोबर, पण काम कोणी करायचं हे नियमात चक्क लिहून आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत नियम ४५ होता, पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले २०१० चे, आता २०२३ चे आहेत, आणि मूळ गोष्ट तीच चालत आली आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, खटका, घरातलं उपकरण बदलायचं, ज्याने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ते खुशाल स्वतः करा. त्यापुढचं काही असलं, नवीन लाइन, वाढीव पॉइंट, दुरुस्ती, तर लायसन्सवाला ठेकेदार, सुपरवायझरची देखरेख आणि हात लावणाऱ्याकडे परमिट. घरमालक म्हणून वेगळी सूट नाही. म्हणजे मी आयटीआय केलेला माणूस, माझ्याच घरात एसीची नवीन लाइन ओढली तर तेही नियमात बसत नाही. येतं का कोणी विचारायला? नाही येत, खरं आहे. विद्युत निरीक्षक घरोघरी फिरत नाही. पण १५ मीटरपेक्षा उंच बिल्डिंग असली तर सप्लाय सुरू व्हायच्या आधी त्याची तपासणी लागते, बेसा-मनीषनगरकडे उंच फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला तो कागद एकदा तरी मागून पाहावा.

अमेरिकेचं म्हणाल तर अर्धंच सांगितलं आहे. तिथे बऱ्याच राज्यांत स्वतःच्या राहत्या घरात मालकाला वायरिंग करता येते, हो. पण आधी शहराच्या किंवा काउंटीच्या ऑफिसातून परमिट काढायचं, मग वायरी आणि डबे लावून भिंत उघडीच ठेवायची, इन्स्पेक्टर येऊन पाहतो, त्याने पास केलं की मगच भिंत बंद करायची, आणि सगळं झाल्यावर तो परत येतो. भाड्याने दिलेल्या घराला ही सवलत बऱ्याच ठिकाणी मिळतही नाही. भिंत उघडी असताना तपासणी, एवढी एकच गोष्ट आपल्याकडे आली असती तर मी हा मेसेज लिहिणाऱ्याला चहा पाजला असता. आपल्याकडे प्लास्टर आधी होतं, मग लक्षात येतं की पाइपात वायर सरकतच नाही.

एमसीबी मोठा टाका, हे माझ्या काउंटरवर एप्रिल लागला की रोज ऐकतो. भाऊ, १६ चा पडून राहिला, ३२ चा द्या. मी विचारतो वायर कोणती आहे, तर माहीत नाही. एमसीबी एसीला नाही वाचवत, भिंतीतल्या वायरला वाचवते. दीड एमएमच्या वायरीतून १६ च्या जागी ३२ अँपिअर गेले तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते, आणि इथे मे महिन्यात स्लॅबमधला पाइप आधीच तापलेला असतो, म्हणजे वायरीची ताकद कागदावर लिहिलेली तेवढीही उरत नाही. पडते ती काऊन पडते ते शोधा. बहुतेक वेळा एसी आणि गिझर एकाच लाइनवर असतात नाहीतर सॉकेट जळून ढिला झालेला असतो.

आता कूलर. ह्याच्यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो. नागपुरात पत्र्याचा कूलर, खाली पाणी, त्यात पंप, ओल्या फरशीवर अनवाणी माणूस, म्हातारी माय पाइप घेऊन पाणी भरते आणि पंप चालूच असतो. त्यात मेसेजवाला सांगतो न्यूट्रल आणि अर्थ जोडा, करंट मारणं बंद होते. बंद होते ना, त्या दिवसापुरतं. पण न्यूट्रल म्हणजे परतीचा रस्ता. तो मेमधल्या वादळात खांबावर तुटला किंवा तुमच्याच बोर्डात ढिला झाला, तर चालू पंख्यातून, ट्यूबलाइटमधून आलेला फेज, म्हणजे जिवंत वायरचा करंट, न्यूट्रलवर येऊन थांबतो, त्याला परत जायला वाट नाही, आणि तुम्ही तीच वायर कूलरच्या पत्र्याला बांधून ठेवलेली. अख्खा कूलर २३० व्होल्टवर. एमसीबी पडणार नाही, कारण एमसीबीच्या हिशोबाने काही बिघडलेलंच नाही. आणि बोर्डात कधी कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले तर वादळाचीही गरज नाही.

काही जण अर्थिंग बोअरच्या केसिंगला नाहीतर नळाच्या पाइपला देतात. प्लास्टिकचा पाइप असला तर त्या वायरचा उपयोग शून्य, लोखंडी असला तर तुमचा शॉक शेजारच्याच्या बाथरूममध्ये जातो.

बरं, नीट खड्डा करून अर्थिंग केली तरी काम संपत नाही. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, म्हणजे ज्या महिन्यात कूलर चालतो त्याच महिन्यात अर्थिंग सगळ्यात कमजोर. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाका म्हणतात. आता हिशोब करा. अर्थिंगचा अडथळा (रेझिस्टन्स) समजा ५ ओहम आहे, कूलरच्या पत्र्याला फेज लागला, तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. तुमच्याकडे मेसेजवाल्याच्या सल्ल्याने बसवलेला ३२ चा एमसीबी, तो एवढ्यावर झटक्यात पडत नाही, तासाभरानेही पडेल. आणि माती सुकून २० ओहम झाले तर साडेअकरा अँपिअर, तेवढ्यावर कधीच पडणार नाही. पत्रा तसाच जिवंत राहील.

इथे कामाचा असतो तो आरसीसीबी, ज्याला मेसेजमध्ये डोकेदुखी म्हटलं आहे. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का एवढंच तो मोजतो, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइन कापतो. तो सारखा पडतो कारण बहुतेक वेळा कुठेतरी करंट खरंच गळून राहिला असतो किंवा भलत्याच वायरीने परत जात असतो, गिझरचा एलिमेंट गेलेला, पंपात पाणी गेलेलं, किंवा इन्व्हर्टर लावताना कोणीतरी दुसऱ्या लाइनचा न्यूट्रल उचललेला. आणि गंमत पाहा, वरचा तो न्यूट्रल-अर्थचा जुगाड केला की त्यानेही आरसीसीबी पडतो. म्हणजे आधी चुकीचं जोडायचं आणि मग ते पकडणाऱ्यालाच काढून फेकायचं. बसवला असेल तर त्यावरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा, दाबल्यावर पडला नाही तर बदला.

राहिला टेस्ट रिपोर्ट. इथे मात्र मेसेजवाल्याचं दुखणं खरं आहे, मी मान्य करतो. नियम असा की नवीन किंवा वाढीव कनेक्शन द्यायच्या आधी वीज कंपनीने स्वतः टेस्ट करायची किंवा लायसन्सवाल्या ठेकेदाराच्या सहीचा रिपोर्ट मान्य करायचा. त्या टेस्टमध्ये ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट लावून फेज आणि अर्थमधलं इन्सुलेशन, म्हणजे करंट बाहेर गळू न देणारं आवरण किती शाबूत आहे ते, मोजतात, किमान १ मेगाओहम यायला पाहिजे. आणि प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्याच वरच्या मजल्याचं कनेक्शन घेताना ठेकेदाराने माझ्या दुकानात, काउंटरवर उभ्याउभ्या सही केली, घर पाहिलं पण नाही, आकडा मनानेच टाकला, आणि मी, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) काय असते हे माहीत असलेला माणूस, पैसे देऊन मोकळा झालो. पण ह्याच्यावरून टेस्टच नको असं कसं काय निघतं बे? पैसे टेस्टचे दिले आणि सही घेऊन आलो, चूक तिथे झाली.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या किचनच्या ओट्याला हात लावला की झिणझिण व्हायला लागली. दुसरा ठेकेदार बोलावला, त्याला आधीच सांगितलं की मेगर घेऊन ये, माझ्यासमोर मोजायचं. किचनची लाइन लावली तर काटा ०.२ मेगाओहमवर. फिल्टर अडकवायला मीच ठोकलेला खिळा वायरीच्या कडेने गेला होता आणि गळक्या फिल्टरचं पाणी भिंतीत मुरून राहिलं होतं. तेवढा तुकडा बदलला, भिंत दोन दिवस सुकू दिली, परत मोजलं तर २० च्या वर आलं, मग त्याने कागदावर तोच आकडा लिहून सही केली. पैसे पहिल्याने घेतले होते तेवढेच घेतले.