सही-शिक्का आज दिला नाही

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात एमबीए करणारा एक मुलगा महाविद्यालयाचे पत्र घेऊन आला. सहा आठवड्यांची इंटर्नशिप, विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. मी त्याला बसवले, चहा मागवला आणि उद्यापासून पहिल्या पाळीला ये असे सांगितले, तेव्हा तो अवघडून म्हणाला, “मॅडम, रोज यायलाच पाहिजे काय ओ? सर्टिफिकेटवर सही-शिक्का मिळाला तरी पुरे. प्रोजेक्ट तयार आहे माझा.” आणि खरोखरच त्याने पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल काढून माझ्यापुढे ठेवला. कामगारांच्या समाधानाचा अभ्यास. पन्नास कामगारांची उत्तरे, रंगीत आलेख, निष्कर्ष, शिफारशी, सगळे होते. कारखान्याच्या नावाची जागा तेवढी मोकळी सोडलेली होती.

सही केली नाही. त्याला परत पाठवले, आणि तेव्हापासून दिवसभर माझे मन थाऱ्यावर नाही.

२००३ साली मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, शेवटच्या वर्षात होते आणि ब्लॉक प्लेसमेंटसाठी, म्हणजे सलग प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी, इथल्याच एका फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, महिनाभर जात होते. तेव्हा आमच्या मनुष्यबळ खात्याला पर्सोनेल म्हणत. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसमध्ये एक वयस्कर क्लार्क होते, सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. पहिला आठवडा त्यांनी मला मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून, ओव्हरटाइमचे तास उतरवून काढायला लावले, आणि मी घरी येऊन आईजवळ रडले, की एवढे शिकून मी आकडे उतरवत बसले आहे. दुसऱ्या आठवड्यात खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक बाई दिराबरोबर आली. तिचा नवरा मोल्डिंगमध्ये, साचे बनवण्याच्या कामावर होता, दीड महिन्यापूर्वी आजाराने गेला होता. मामांनी त्याची फाइल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “बाळ, हे आता तुझं काम.”

फाइलमध्ये नामनिर्देशनाचा, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला मिळावेत ते सांगणारा, फॉर्म होता, तो नोकरीला लागताना भरलेला. तेव्हा त्याचे लग्न झाले नव्हते, म्हणून नाव आईचे, आणि आई तर केव्हाच वारलेली. लग्नानंतर तो फॉर्म नव्याने भरायचा असतो, आधीचे नामनिर्देशन लग्नानंतर चालत नाही, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. कारखान्याच्या नोंदीत त्याच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि मग गावाचे, रेशन कार्डावर कन्नडमध्ये नुसते त्याचे आणि वडिलांचे, मृत्यूच्या दाखल्यावर आडनावासकट तिसरेच रूप. बाईचे नाव लग्नात बदललेले, पण शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. ही आपल्या सीमाभागातल्या घराघरातली गोष्ट आहे, ती तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको.

तीन अर्ज होते. भविष्यनिर्वाह निधीसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ. मी ते भरत असताना ती बाई शेजारी उभी होती, बस म्हटले तरी बसत नव्हती. शेवटी तिने विचारले, “ह्यात माझं नाव कुठं हाय, दाखव की बाई.” मी बोट ठेवून दाखवले. इंग्रजी तिला वाचता येत नव्हते, तरी तिने त्या जागेकडे कितीतरी वेळ पाहिले. त्या महिन्यात मी जे शिकले, ते दोन वर्षांच्या पाठ्यपुस्तकांत नव्हते.

आता मला सांगा, समाधानाचे आलेख काढणाऱ्या या मुलाला फॉर्म १०-डी कधी दिसला असेल का? पगारपत्रकावर भविष्यनिर्वाह निधीसाठी १२ टक्के कशाचे कापले जातात, ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, पाऊण टक्का कामगाराकडून आणि सव्वातीन टक्के मालकाकडून जातात, ग्रॅच्युइटी काढताना महिन्याच्या पगाराला २६ ने भागून १५ ने का गुणतात, हे त्याने एकदा तरी हाताने करून पाहिले असेल का? भरतीच्या मुलाखती, कार्यमूल्यमापन, नेतृत्वगुण यांवर तो दोन तास बोलेल, मला शंका नाही. पण फेटलिंगमधला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारा, कामगार रविवारी कामावर आला आणि त्याची बदली सुट्टी मस्टरवर कुठे दिसते, हे विचारले की तो गप्प होईल. वर्गात ही गोष्ट सांगता येते, पण कळते ती टाइम ऑफिसच्या खिडकीशीच, जेव्हा समोरचा माणूस चिडलेला असतो आणि त्याची बस सुटायला दहा मिनिटे असतात.

जागांची वाण आहे असेही नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथे ओळीने कारखाने आहेत. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ १९९८ पासून आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून याच बेळगावात आहे. कारखाने आणि विद्यार्थी एका बसच्या अंतरावर असताना सहा आठवड्यांचा खोटा दाखला तयार होतो, याची मला शरम वाटते.

महाविद्यालयांना एवढ्या मुलांसाठी जागा शोधणे अवघड जाते, हे मान्य.

आणि आमची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. किती कारखान्यांत इंटर्न म्हणजे झेरॉक्स काढणारा फुकटचा माणूस असतो! विद्यावेतन नाही, बसचे भाडे नाही, शिकवायला कोणी मोकळे नाही. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात प्रशिक्षणार्थीही कर्मचाऱ्यांतच धरले आहेत, पगार मिळो वा न मिळो, तरी आलेल्या मुलीला अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर कोण आहे हे पहिल्या दिवशी किती ठिकाणी सांगितले जाते? मी स्वतः गेल्या वर्षी सांगायला विसरले होते. आज सकाळी त्या मुलावर आवाज चढवताना यातले काहीच मला आठवले नाही. तो चंदगडकडच्या खेड्यातून दोन बस बदलून येतो, हे त्याने जाताना सांगितले, तेही मी विचारले म्हणून.

तरीही सही केली नाही ते बरोबरच केले, असे मी अजून म्हणते. कारण आपल्या मुलांकडे जे आहे ते बंगळूर-पुण्याच्या मुलांकडे सहसा नसते. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, मित्रांत हिंदी, पुस्तकात इंग्रजी. आमच्या एका शेडमध्ये खानापूरचा मराठी माणूस, बैलहोंगलचा कन्नड माणूस आणि बिहारहून आलेला पोरगा एकाच भट्टीपुढे उभे असतात. कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावा, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले, पण सूचना फलकावर लावली म्हणजे ती समजली असे होत नाही. ती समजावून सांगणारा माणूस लागतो. चार भाषांत कामगाराशी बोलू शकणारा मुलगा सहा आठवडे घरी बसतो आणि आपण त्याच्या कागदावर शिक्का मारतो, तेव्हा त्या मुलाचे नुकसान होतेच, पण खरे नुकसान त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईचे होते, जिला आपले नाव कुठे आहे ते दाखवणारे कोणी भेटत नाही.

खानापूरकडच्या त्या बाईचे पैसे यायला सात महिने लागले. मी तोवर पास होऊन नोकरीला लागले होते, मामांनी निरोप पाठवला. आज तीच विम्याची रक्कम ७ लाखांपर्यंत मिळू शकते आणि नामनिर्देशन मोबाइलवरूनही करता येते, पण ते करून घेणारा माणूस शेजारी बसलाच नाही, तर आजही तीच फाइल, तेच आईचे नाव.

संध्याकाळी साडेसहाला त्या मुलाचा फोन आला. म्हणाला, “मॅडम, उद्या किती वाजता येऊ?” मी पहिल्या पाळीची वेळ सांगितली. त्याच्या गावाहून इतक्या लवकर बस नाही म्हणाला, म्हणून नऊ वाजता ये म्हटले. बाइंडिंग केलेला अहवाल घरीच ठेवायला सांगितला आहे. आमच्या कोअर शॉपमधल्या, साच्यातले गाभे बनवणाऱ्या विभागातल्या, अठरा जणांचे नामनिर्देशन अजून व्हायचे आहे, त्यांतले अकरा जण लग्न झालेले. उद्या त्या अकरा जणांपासून सुरुवात करू.