पेपर मोजणारे खूप, वाचणारे किती?

वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीला शोधनिबंधांची अट असावी का, हा वाद भारतात वर्षानुवर्षं चालू आहे. 2015 मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने ई-जर्नलमधले (फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकांतले) लेख बाद ठरवले आणि श्रेय पहिल्या दोन लेखकांपुरतं ठेवलं, तेव्हा तो जास्त पेटला. 2022 मध्ये, कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम बदलले, पण वाद मिटला नाही. एक बाजू म्हणते, डॉक्टरने रुग्ण तपासावेत, अट काढून टाका. दुसरी म्हणते, नुसते पेपर नकोत, सायटेशन (त्या पेपरचा इतरांनी आपल्या निबंधांत केलेला उल्लेख) आणि त्यावरून काढलेला संशोधकाचा एच-इंडेक्स हा आकडाही मोजा. मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात वैद्यकीय संशोधन करतो. पहिल्या बाजूचं मला बरंचसं पटतं. दुसऱ्या बाजूच्या मागणीची मात्र धास्ती वाटते.

आकड्यांची ओढ कुठून आली, हे समजण्यासारखं आहे. 2005 ते 2014 या दहा वर्षांत देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांपैकी 332 संस्थांतून एकही शोधनिबंध आला नाही, हे डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. हे चित्र बदलायलाच हवं. पण सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, मग पीजीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, अशा दिवसातून उरलेल्या रात्री सक्तीने लिहून घेतलेल्या निबंधातून ते बदलत नाही. महाराष्ट्रात शिकवणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राला पैसे भरून पेपरमध्ये नाव घालून देण्याचे मेसेज येतात. कितवं नाव हवं, तेही विचारतात. नियमात लेखकांचा क्रम आला की बाजारात त्याचा भाव ठरणारच.

इथे ब्रिटनमध्ये रुग्णालयात कन्सल्टंट (ज्येष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) म्हणून नेमणूक व्हायला किंवा विद्यार्थ्यांना शिकवायला शोधनिबंधांची सक्ती नाही. अर्जात त्यांचा फायदा होतो, एवढंच. ज्यांना संशोधन करायचंय त्यांची वाट वेगळी, आणि त्यासाठी त्यांना पगारी वेळ मिळतो. देशभरातल्या विद्यापीठांच्या संशोधनाचं 2021 मध्ये मूल्यमापन झालं, त्यात परीक्षकांना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, वापरायला मनाई होती. एकूण गुणांपैकी 25 टक्के गुण, त्या कामामुळे विद्यापीठाबाहेर काय बदललं, यासाठी होते. निधीच्या अर्जातही आता पेपरच्या लांबलचक यादीऐवजी, तुम्ही नेमकं काय केलंत ते सलग लिहायला सांगतात. मुलाखतीत उमेदवाराने स्वतः निवडलेला एखादा निबंध समोर ठेवून विचारलं जातं: यातला तुमचा भाग कोणता? ज्याने ते काम हाताने केलंय तो खुलून बोलू लागतो. ज्याचं फक्त नाव आहे, तो दुसऱ्या वाक्याला अडखळतो.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय जर्नलचं नाव दिसलं की इथेही भल्याभल्यांचे डोळे चमकतात. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, बारा मुलांवरचा निबंध 1998 मध्ये तिथेच आला आणि मागे घ्यायला 2010 उजाडलं. त्याचा उल्लेख हजाराहून जास्त निबंधांत झालाय, आणि त्यातले बहुतेक त्याला खोडून काढणारे आहेत. एच-इंडेक्सला हा फरक कळत नाही.

मला जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. सायटेशनवरून त्या विषयात किती संशोधक काम करतात हे कळतं. किती रुग्ण आहेत, हे कळत नाही. हृदयाच्या झडपांवर जगभर हजारो लोक लिहितात. विंचूदंशावर किती? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. कोकणात फुफ्फुसात पाणी भरून दगावणारे रुग्ण त्या औषधाने वाचू लागले. एखाद्या मोठ्या शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाच्या एच-इंडेक्सशेजारी हे काम ठेवून तुलना करणं अन्यायाचं आहे. इथल्या त्या 25 टक्क्यांच्या निकषावर मात्र ते आरामात पुढे जाईल.

सायटेशनची बाजूही सांगायला हवी. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये कॉलराच्या जंतूचं विष दाखवून दिलं. देशातल्या विज्ञान अकादमींनी त्यांना फेलो केलं नाही. 1978 मध्ये नोबेल परिसंवादाचं निमंत्रण आलं ते परदेशातून. आणि 1986 मध्ये, डे गेल्यानंतरच्या वर्षी, त्यांच्या निबंधांच्या सायटेशनचा सविस्तर अभ्यास मांडला तो इम्पॅक्ट फॅक्टरचे जनक युजीन गारफिल्ड यांनी. अकादमींना जे दिसलं नाही ते आकड्यांत दिसलं, पण वीस-पंचवीस वर्षांनी. बढतीच्या समितीला एवढं थांबता येत नाही.

म्हणून माझी आयोगाकडे मागणी अशी की रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन यांच्या बढतीच्या वाटा वेगळ्या करा. संशोधनाच्या वाटेवर येणाऱ्याला आठवड्यातला काही वेळ ओपीडीतून मोकळा द्या. त्याच्याकडून तीनच निबंध मागा, त्याने स्वतः निवडलेले. आणि समितीतल्या प्रत्येकाने ते आधी वाचून, त्यावर आपलं मत लेखी देऊनच मुलाखतीला बसायचं, ही अट नियमात घाला.