गाडी म्हणजे कोणती गाडी?

सकाळी म्युनिकच्या आमच्या मराठी ग्रुपवर एकाने टाकलं, "इतकी वर्षं जर्मनीत राहून अजून गाडी घेतली नाही? एस-बानच्या भरवशावर किती दिवस काढणार?" खाली धडाधड हसरे चेहरे. एस-बान म्हणजे इथली लोकल. या शनिवार-रविवारी तिचा शहरामधला बोगदा बंद, बदली बस, त्यावरून विषय निघालेला. तिथे मी गप्प बसले, नाहीतर नको ते लिहिलं असतं. इथे लिहिते.

मुळात मी डोंबिवलीची. आमच्याकडे गाडी म्हणजे लोकल. "गाडी मिळाली का?" याचा दुसरा अर्थ आमच्या घरात कधी नव्हताच.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आई आली होती. वय ६९, जर्मन शून्य, इंग्रजी थँक्यूपुरतं. पंधरा दिवसांत कंटाळली. म्हणाली, "मला एकटीला कुठेतरी जाऊन येऊ दे." मी हेर्शिंग सुचवलं. आम्ही राहतो त्या गेर्मरिंगहून आमची एस-८ ही लोकल थेट जाते, शेवटचं स्टेशन, उतरून चार पावलांवर आमरझे तलाव. जाताना चुकायचा प्रश्नच नाही. येताना मात्र आमचं स्टेशन गेर्मरिंग-उंटरफाफेनहोफेन. हे नाव माझ्याच जिभेवर बसायला वर्ष लागलं. आई म्हणाली, "नाव राहू दे, कितवं ते सांग." सातवं.

प्लॅटफॉर्मवर जायच्या आधी पट्ट्यांचं तिकीट दुमडून निळ्या डब्यात सरकवलं, खट्‌कन शिक्का बसला. आई केवढ्यांदा ओरडली, "अगं, हे तर आपलं कूपनचं मशीन!" मुंबईच्या स्टेशनांवर पूर्वी आम्ही कूपनांवर असाच शिक्का मारायचो.

आता गाडी घ्या म्हणणाऱ्यांनो, मला सांगा, तुमच्या त्या गाडीतून तुमची आई एकटी कुठे जाते? तुम्हाला शनिवारी वेळ झाला तर जाते. तोपर्यंत खिडकीत बसून बर्फ नाहीतर शेजाऱ्याचं कुत्रं बघते.

हो, गाड्या उशिरा येतात. हो, जर्मनीभर चालणारा पास ४९ युरोचा ५८ झाला आणि आता ६३. लहान पोरांना घेऊन हिवाळ्यात प्लॅटफॉर्मवर कुडकुडणं काय असतं तेही मान्य. पुढे.

राग काढायचाच तर योग्य जागी काढा ना! शहराच्या पोटातून जाणारा एकच बोगदा, त्यात जायचा एक मार्ग आणि यायचा एक. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधला, तेव्हा हिशेब होता दिवसाला अडीच लाख माणसांचा. आता या गाड्यांनी रोज आठ लाखांच्या आसपास लोक जातात. गर्दीच्या वेळी एका दिशेला तासाला तीस गाड्या, जवळजवळ सगळ्या लाइनी त्याच भोकातून. एका गाडीचं दार अडकलं की मागच्या सगळ्या खोळंबल्या. दुसरा बोगदा २०१७ मध्ये खणायला घेतला, २०२६ मध्ये उघडणार म्हणाले होते, खर्च ३.८ अब्ज युरो. आता सात अब्जांच्या घरात आणि २०३५ च्या पुढची बात. शहराच्या मध्यातल्या मारिएनहोफ चौकातल्या हिरवळीवर आम्ही डबा खायचो, तिथे कित्येक वर्षं खड्डा आहे. तो बोगदा होईल तेव्हा मी आईच्या वयाकडे झुकलेली असेन. यावर ग्रुपवर एक ओळ नाही. मात्र एसयूव्हीचे फोटो रोज.

असो. चिडले की मला आईचा तो दिवस आठवतो.

चारपर्यंत येते म्हणाली होती. चारची गाडी आली, आई नाही. वीस मिनिटांनी दुसरी आली, नाही. फोन बंद. मी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतेय, डोळ्यासमोर नको नको ते. तिसरी गाडी आली. आमच्या बाईसाहेब दारात उभ्या, पर्स पोटाशी धरलेली, एक हात दांड्याला. गाडी निम्मी रिकामी! दोन स्टेशनं आधीच उठून दारात आली होती. मी प्लॅटफॉर्मवरच ओरडले तिच्यावर. ती शांत. "अगं, पाण्याकाठी बाक चांगलं होतं, बसले. दर वीस मिनिटांनी गाडी आहे म्हणालीस ना तूच?"

मग काय, रोजच निघायला लागली. शहराच्या मध्यावर मारिएनप्लाट्झला जाताना कार्ल्सप्लाट्झ स्टेशनवर उतरायला एका बाजूचं दार उघडतं, चढायला दुसऱ्या बाजूचं, ते बघून चार दिवस तेच बोलणं. "हे दादरला करायला काय झालं होतं?"

दुपारी तिला फोन केला. ग्रुपवरचं सगळं भडाभडा सांगितलं. बोगदा बंद, दुरुस्ती, बदली बस, लोक असे बोलतात, तसे बोलतात. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मेगाब्लॉक म्हण ना सरळ. सोमवारी होतेय ना सुरू?"