क्रूझ आजच बुक करा, बंदर नंतर कळवण्यात येईल

क्रूझला जायचं ठरवलंत ना? छान. आता एक पथ्य पाळा. ज्या बंदरासाठी चाललाय त्याचं नाव कुणालाही सांगू नका. शेजाऱ्यांना नाही, ऑफिसात नाही, व्याह्यांना तर नाहीच नाही. ‘भूमध्य समुद्रात कुठेतरी’ एवढंच म्हणा. तेवढं बहुतेक खरं ठरतं.

मी सान्तोरिनी, म्हणजे ते ग्रीसचं बेट, सांगून बसलोय. गेल्या आठवड्यात मेल आला: ‘आपला प्रवास अधिक आनंददायी व्हावा यासाठी मार्गात किरकोळ सुधारणा करण्यात आली आहे.’ किरकोळ म्हणजे सान्तोरिनी आणि मिकोनोस, दोन्ही गेली. त्यांच्या जागी कोटोर आणि कोर्फू. कारण विचारलंत तर ‘स्थानिक बंदरांचं बदलतं धोरण’. ज्यांना हा मेल अजून यायचाय, त्यांच्यासाठी काही सल्ले देतो. फुकट देतोय, म्हणजे या व्यवहारातली फुकट मिळालेली ही एकमेव गोष्ट.

बुकिंग जितकं लवकर कराल तितकं उत्तम. दीड-दोन वर्षं आधी केलंत तर अर्ली बर्ड सवलत मिळते. तेवढ्या काळात एखादं सरकार पडतं, एखादा महापौर निवडून येतो, कुठेतरी युद्ध पेटतं. तुमचा हप्ता मात्र वेळेवर जातो.

शाळेतला भूगोल विसरा. व्हेनिसची क्रूझ घेतलीत म्हणजे तुम्ही व्हेनिसला जाल, हा समज आधी काढून टाका. इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांहून मोठी, १८० मीटरहून लांब किंवा ३५ मीटरहून उंच जहाजं सेंट मार्क्स चौकासमोरून न्यायला बंदी घातली. बरोबरच केलं. २ जून २०१९ ला असलंच एक धूड जुदेक्का कालव्यात धक्क्यावर आणि एका पर्यटक बोटीवर जाऊन आदळलं होतं, आणि ते अख्खं शहर गाळात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. आजकालचं मोठं क्रूझ जहाज सहज लाखभर टनांचं असतं. मग जहाजं पांगली. कुणी मार्गेरा, कुणी त्रिएस्ते, कुणी रावेन्ना. तिकिटावर मात्र ‘व्हेनिस’ तसंच राहिलं, ठळक टायपात, आणि शेजारी कंसात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘रावेन्ना’. दोन्हींमध्ये सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणजे पाहुण्याला पुण्यात उतरवून घ्यायचं आणि म्हणायचं, आलं बरं का गेटवे ऑफ इंडिया, फक्त बसने जाऊन या. बसचे पैसे वेगळे. शिवाय फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून व्हेनिस २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी किमान ५ युरो घेतं. ते कोण भरणार, हे सांगायला नको.

रावेन्ना वाईट नाही हो. दान्तेची कबर तिथे आहे, तिथली दीड हजार वर्षांपूर्वीची मोझॅइकची भित्तिचित्रं पाहायला जाणकार लोक मुद्दाम जातात. पण रावेन्नाला रावेन्ना म्हणून विकायची हिंमत कुणात नाही. (रोमच्या नावाखाली चिवितावेक्कियाला उतरवणं तर इतकं जुनं झालंय की त्यावर आता कुणी चिडतही नाही.)

जहाजाची पूर्वपीठिका तपासा. मे २०१६ मध्ये मायामीहून एक जहाज हवानाला गेलं. अमेरिकेतून क्यूबाला गेलेली जवळपास चाळीस वर्षांतली ती पहिली क्रूझ. ओबामांनी धोरण बदललं म्हणून ती गेली. मग सगळ्याच मोठ्या कंपन्यांनी हवाना विकायला काढलं. ४ जून २०१९ ला ट्रम्प प्रशासनाने जाहीर केलं की क्रूझसाठी क्यूबा बंद, उद्यापासून. पुढच्या मोसमापासून नाही, उद्यापासून. आठ लाखांच्या आसपास बुकिंग लटकली. हवानाचे जुने रस्ते पाहायला निघालेली माणसं फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ला, नाहीतर मेक्सिकोत कोझुमेलला उतरली. त्या क्यूबावाऱ्या करणाऱ्या जहाजांत एक होतं ‘एम्प्रेस ऑफ द सीज’. पुढे ते विकलं गेलं आणि २०२१ पासून मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करू लागलं. हो, तेच ते, कॉर्डेलियाचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये छापा पडला म्हणून आठवडाभर सगळ्या चॅनेलांवर दिसत होतं ते. तुमच्या मेव्हण्याने ज्याच्या डेकवर ॲनिव्हर्सरी केली ते. लक्षद्वीपला पाय ठेवायचा तर भारतीयांनाही परवाना लागतो, तेव्हा परवान्यांशी त्या जहाजाचा संबंध काही तुटलेला नाही.

सेंट पीटर्सबर्गसाठी बाल्टिक क्रूझ घ्यायची होती? २०२२ च्या आधी जायचं होतंत.

सुवेझचंही तेच. २०२३ च्या अखेरीला तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं सुटायला लागल्यावर जगप्रदक्षिणेला निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. त्यात कुणाची चूक काढणार?

अलास्काला जाणाऱ्यांनी कायदा वाचावा, निसर्ग नंतर बघता येईल. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं घेऊन अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात सोडता येत नाही; सिएटलहून निघून सिएटललाच परत यायचं तरी मध्ये एक परकी बंदर लागतं. क्रूझ जहाजं जवळपास सगळी बहामास, पनामा, माल्टाच्या झेंड्याची. म्हणून सिएटलची जहाजं परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकतात, पुष्कळदा संध्याकाळी, बागा बंद व्हायच्या वेळेला. कोविडमध्ये कॅनडाने बंदरं बंद केली तेव्हा अमेरिकेच्या संसदेला मे २०२१ मध्ये खास तात्पुरता कायदा करावा लागला, तेव्हा कुठे अलास्काची जहाजं हलली. तर व्हिक्टोरियाला तुम्ही उतरता ते १८८६ सालच्या कृपेने. फोटोच्या कॅप्शनमध्ये तसं लिहायला हरकत नाही.

बंदरांनी घातलेल्या मर्यादांचे आकडे पाठ करा. क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला एका वेळी दोन मोठी जहाजं. अलास्कात जुनोला २०२४ पासून दिवसाला पाच. सान्तोरिनीला २०२५ पासून दिवसाला क्रूझचे ८ हजार प्रवासी, आणि जुलै २०२५ पासून ऐन मोसमात माणशी २० युरो शुल्क. ॲमस्टरडॅमला २०२६ पासून वर्षाला १०० जहाजं, आधी १९० होती. पूर्वी टूरला निघताना आपण डॉलरचा भाव पाठ करायचो, आता हे करायचं.

नाश्ता भरपूर करा. तो मार्गातून वगळलेला नाही, निदान अजून तरी.

आणि व्हिसा. हां, व्हिसाबद्दल मला शांतपणे सल्ला द्यायचा होता. प्रयत्न करतो.

आमचा मूळ मार्ग होता रावेन्ना, क्रोएशियातलं स्प्लिट, मिकोनोस, सान्तोरिनी आणि परत रावेन्ना. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आलाय. म्हणजे सगळी बंदरं शेंगेनमधलीच. एजंटने हे फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं: “काका, आता क्रोएशियाचंही टेन्शन नाही. सिंगल एंट्रीत काम होतंय.” मग अपॉइंटमेंट. ती कशी मिळते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पहाटे उठून स्क्रीन रिफ्रेश करणारे आपण सगळे एकाच बोटीत आहोत. माणशी ९० युरो फी, वर व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क, वर कुरिअर, वर एसएमएसचे पैसे. आईच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. आयुष्यभर भांडी घासलेली बोटं ती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजी, जोरात दाबा. आजींनी जोरात दाबलं. व्हिसा आला. सिंगल एंट्री, प्रवासाला लागतील तेवढेच दिवस. दूतावासाचं काही चुकलं नाही, त्यांना जो मार्ग दाखवला त्यावर त्यांनी शिक्का मारला.

आणि नंतर हा मेल. कोटोर! कोटोर आहे माँटेनेग्रोमध्ये. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही, युरोपियन युनियनमध्येही नाही. म्हणजे स्प्लिटहून कोटोरला जहाज गेलं की आपण शेंगेनच्या बाहेर. सकाळी गेलो, दुपारी तटबंदीचा फोटो काढला, संध्याकाळी परत. पण परत येणार कसे? सिंगल एंट्री संपलेली! ग्रीसमधल्या कोर्फूला उतरता येत नाही, रावेन्नाला उतरता येत नाही. तिथून व्हेनिसचा विमानतळ गाठून घरी यायचं, तर इटलीत शिरायचा कागदच नाही.

एजंटला फोन केला. म्हणाला, “काका, कोटोर सान्तोरिनीपेक्षा भारी आहे.” असेल बाबा. माझ्या व्हिसाला ते कसं सांगू? बरं, आम्ही कोटोरला उतरलोच नाही तर? केबिनमध्ये पत्ते खेळत बसतो. त्याने विचारून सांगितलं: नाही, आता मल्टिपल एंट्री नसेल तर पहिल्याच दिवशी जहाजावर घेणार नाहीत. घेतलं नाही तर पैसे? परत नाहीत, कारण कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची. मार्ग त्यांनी बदलला, कागद माझा कमी पडला, म्हणून दोष माझा! नवा अर्ज करायचा तर फी पुन्हा, अपॉइंटमेंट पुन्हा, आणि मिळेलच याची खात्री कोण देणार? विमानाची तिकिटं नॉन-रिफंडेबल. टूरच्या पैशांवर आधीच कापलेल्या टीसीएस कराचं तर नाव काढू नका. आणि नुकसानभरपाई म्हणून काय, तर वगळलेल्या बंदरांच्या शुल्कातला फरक, तोही रोख नाही, ऑनबोर्ड क्रेडिट. बारमध्ये किंवा स्पामध्ये वापरा म्हणे. आईला कॉकटेल देऊ का मसाज?

पुरे झाला उपरोध. सरळ बोलतो.

क्रूझ कंपनीवाल्यांनो, धोरण बदललं, धोरण बदललं हे रडगाणं बंद करा. क्यूबाच्या वेळी खरंच एका रात्रीत बदललं होतं. रशियाच्या, तांबड्या समुद्राच्या वेळी कुणाला आधी कळलं नव्हतं. ते सोसू, त्यावर कुणी शहाणा माणूस भांडणार नाही. पण सान्तोरिनीचा ८ हजारांचा नियम २०२५ पासून लागू आहे. आमचं बुकिंग त्यानंतरचं आहे. तुमचं जहाज किती माणसं घेतं हे तुम्हाला माहीत होतं, त्या दिवशी बेटावर जागा मिळालीय की नाही हेही तुम्हालाच माहीत असायला हवं होतं. जागा पक्की नसताना सान्तोरिनी विकलंत. निळे घुमट दाखवून पैसे घेतलेत आणि आता त्या बेटाच्या नगरपालिकेकडे बोट दाखवताय. त्या लोकांनी काय चूक केली? त्यांच्या गल्लीत त्यांनाच चालता येईना, म्हणून त्यांनी दार अर्धं लोटलं. तेही चोरून नाही, जगाला ओरडून सांगून. दार अर्धं लोटलेलं दिसत असताना तुम्ही पूर्ण उघड्या दाराची तिकिटं छापलीत. लबाडी तिथे आहे.

करारात लिहिलंय म्हणता. लिहिलंय खरं. जहाज कुठलंही बंदर कधीही, कुठल्याही कारणाने वगळू शकतं आणि त्यासाठी कंपनी जबाबदार नाही, असं लिहिलंय. मग आमच्या बाजूला काय लिहिलंय? ठरल्या तारखेला पैसे भरा, न भरल्यास बुकिंग रद्द आणि डिपॉझिट जप्त. तुम्ही बंदर बदललंत तर ती सुधारणा, आम्ही तारीख बदलली तर दंड. युरोपात पॅकेज विकताना हे असं चालत नाही. तिथे २०१५ चा निर्देश आहे: सहलीच्या मुख्य गोष्टींत मोठा बदल केला तर प्रवाशाला दंड न भरता करार मोडता येतो, पैसे परत मागता येतात. म्हणजे त्याच डेकवर, शेजारच्या केबिनमधला जर्मन माणूस निदान भांडू तरी शकतो. आम्हाला हसऱ्या चेहऱ्याची इमोजी. का? आमचे युरो कमी वजनाचे आहेत?

आणि एजंट मंडळी, तुम्हीही. कमिशन घेताना ‘आम्ही आहोत ना, काका’, आणि मेल आला की ‘आमच्या हातात काही नाही’. तुमच्या हातात एवढं नक्की होतं की व्हिसाच्या अर्जाआधी फोन करून मार्ग पक्का आहे का ते विचारायचं, आणि क्रूझ म्हटल्यावर पहिल्यापासून मल्टिपल एंट्रीच मागायची. या धंद्यात इतकी वर्षं काढून मार्ग बदलतात हे तुम्हाला नवीन नाही. आम्हाला होतं.

आमच्या सहप्रवाशांच्या ग्रुपवरही हा मेल पडला. पहिला प्रतिसाद काय आला? हात जोडलेली इमोजी. मग एक अंगठा. मग ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’. मग कोटोरचे सूर्यास्ताचे फोटो. अहो, लाखांत पैसे भरलेत तुम्ही! कोपऱ्यावरचा भाजीवाला कोथिंबिरीची जुडी बारीक देतो तेव्हा त्याच्याशी वाद घालता, आणि इथे अंगठा? तुम्ही असे अंगठे दाखवता म्हणून पुढच्या वर्षीही हेच विकलं जातं.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, आणि असल्या कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. मी तक्रार लिहायला घेतलीय. या बुकिंगमध्ये ज्यांची नावं आहेत त्यांनी रविवारी सकाळी सह्या करायला माझ्याकडे यावं. येताना पैसे भरल्याच्या पावत्या आणा, आणि जमलं तर कराराची प्रत छापूनच आणा. माझ्या प्रिंटरची शाई तो करार छापताना सतराव्या कलमाला संपली.